दोरीभर जागा

ट्रॅक्टरचं मागचं चाक खुंट्यावर चढलं तेव्हा भिंगरीची आई साच्यात चिखल दाबत होती. काडकन आवाज झाला. तिनं मान वर केली, तर खुंटा मोडून आडवा पडलेला, चाकाखालून रंगीबेरंगी दोरी बाहेर आलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला भिंगरी, जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन बसलेली. पोर रडत नव्हती. दोरी कशात अडकली हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती पाय आपल्याकडे ओढून बघत होती.

आईच्या हातातला साचा कुठं पडला, ती चिखलातून कशी धावली, काही तिच्या लक्षात राहिलं नाही. पोरीला छातीशी धरलं तेव्हा आपले हात कोपरापर्यंत ओल्या मातीनं भरलेत हेही तिला दिसलं नाही. ट्रॅक्टरवाला खाली उडी मारून नुसताच उभा राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आईशप्पथ, दिसलीच नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्याची तरी काय चूक? विटांच्या थप्पीच्या सावलीत एवढंसं पोर कुणाला दिसणार? सावली म्हणूनच तर तिला तिथं बांधायचे. बांधायचे म्हणजे गुरासारखं करकचून नव्हे. बापानं जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून त्यांची वेणी घातली होती, पोरीच्या पायाला काचू नये म्हणून टोकाशी मऊ कापड दुमडून शिवलं होतं. रांगायला लागल्यापासून ती या दोरीवरच वाढली. एका बाजूला धगधगती भट्टी, दुसऱ्या बाजूला चिखलाचा खड्डा, मधून ट्रॅक्टरची ये-जा. मोकळी सोडली असती तर पहिल्याच दिवशी गेली असती. खुंट्याभोवती दिवसभर गरगर फिरायची म्हणून भट्टीवरच्यांनी तिचं नाव भिंगरी पाडलं. दोरीला ते दावं म्हणायचे. आई मात्र कधी दावं म्हणाली नाही. ती दोरीच म्हणायची.

आरडाओरडा ऐकून मुकादम आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला हळू आवाजात बोलणं जमत नसे.

"उद्यापासून कुंपणाच्या आत एक पोर दिसायला नको! मालकांचा हुकूम समजा. आज खुंटा मोडला, उद्या दुसरं काही मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मग ठेवायचं कुठं तिला?" भिंगरीच्या बापानं विचारलं.

"ते मला काय विचारतोस? मी काय तिचा मामा आहे?"

कुणीतरी हसलं. बापाला हसू आलं नाही. भट्टीवर एकट्या माणसाला काम नसतं, जोडीला असतं. एकानं चिखल तुडवायचा, घमेली वाहायची. दुसऱ्यानं साच्यातून विटा थापायच्या. एक घरी बसला की दुसऱ्याचंही काम गेलं. बाकीच्यांच्या घरी थोरल्या मुली होत्या, त्या झोपडीत बसून धाकट्यांना सांभाळत. यांची ही एकुलती एक. आणि भट्टीच्या फाटकाशी एक नवी जोडी आपल्या गाठोड्यांवर बसून होती, कुणाची जागा रिकामी होतेय का बघत. त्यांच्याकडे बोट करून मुकादम म्हणाला, "आठ दिवस देतो. तेवढ्यात सोय लाव. नाहीतर मला वाईट वाटून उपयोग नाही."

गावात बालवाडी होती. पाण्याच्या टाकीजवळ, निळ्या दाराची लांबलचक खोली, पुढं भिंत घातलेलं अंगण. भट्टीवरचं एकही पोर आजवर तिथं गेलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं. भट्टीवरच्यांना वाटे, ती गावातल्यांची. गावातल्यांना वाटे, भट्टीवरचे आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना कशाला हवी? झालं, दोन्हीकडे समाधान.

दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या आईनं पोरीला घासून घासून आंघोळ घातली. थंडीचे दिवस, पाणी नीट तापलेलंही नव्हतं, पोर कुडकुडत उभी. स्वतःची नखं मात्र कितीही घासली तरी कडेची माती निघेना. ती तशीच गेली, हात पाठीमागं धरून.

बालवाडीच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, आवाज बसलेला. लहान मुलांच्या गलक्यावर आवाज चढवून चढवून तो कायमचा बसला असावा. त्यांनी भिंगरीकडे वाकून पाहिलं.

"तीन पूर्ण झाली का?"

"झाली."

"शी-शू सांगते?"

"सांगते."

"मग अडचण काय? जागा आहे. आठवडाभर बघू, आईवाचून राहते का. रमली की तिची ती, मग तुम्ही निर्धास्त."

भिंगरीच्या आईला इतक्या सहज होकाराची सवय नव्हती. ती पुढचं ऐकायला थांबली. तेवढ्यात दुकानदारीण आपल्या मुलाला सोडायला आली. त्याचं अंग चांगलं भरलेलं, म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणत, आणि तोही त्या नावाला खुशाल ओ देई. दुकानदारणीनं भिंगरीच्या पायांकडे पाहिलं, मग आईच्या पायांकडे, आणि नाक किंचित मुरडलं.

"आत्तापर्यंत कुणाजवळ राहायची ही?" बाईंनी विचारलं.

दुकानदारीण समोर नसती तर ती खरं बोलली असती. पण त्या मुरडलेल्या नाकासमोर तिला ती दोरी दिसली, ते दावं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तिच्या आत्याजवळ."

"वा! मग माणसांची सवय आहे म्हणायची," बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी भिंगरी रडली नाही. बाईंना कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशीही रडली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंच्या कौतुकाची काळजी झाली. पोर सकाळी खिडकीजवळच्या खांबाशी बसायची आणि दुपारपर्यंत तिथंच. उठायची, खांबाभोवती फिरायची, पुन्हा बसायची. खेळणी समोरच्या भिंतीशी होती, तिकडे गेली नाही. खाऊच्या ताटल्या दाराशी मांडत, तिथंही नाही. बाईंनी लांबून हाक मारली की हसत उठायची, दुडुदुडु यायची, आणि मध्येच थांबून मागं फिरायची. मुलांना ती गंमत वाटली. "ए, इकडे ये, इकडे ये," करून ती तिला बोलवत आणि ती परत फिरली की टाळ्या पिटत.

"पायाला काही दुखापत झाली होती का?" बाईंनी तिच्या आईला विचारलं. "किंवा डोळ्याला कमी दिसतं? मी दूर ताटली ठेवली, तर बघत बसली. भूक लागलेली कळत होती, पण उठेना. एकदा दवाखान्यात दाखवा. आणि हो, तिच्या आत्याला घेऊन या उद्या. घरी कशी वागते, काय खेळते, ते त्यांना नीट ठाऊक असेल. तुम्ही तर एरवी दिवसभर कामावर."

आईनं मान डोलावली आणि पोरीला कडेवर घेतलं. दवाखान्यात एकवेळ दाखवता आलं असतं. आत्या कुठून दाखवणार?

संध्याकाळी झोपडीत नवऱ्याला सांगितलं, तर तो चुलीपुढं कपाळाला हात लावून बसला.

"मला बहीण नाही, हे तुला लग्नाआधीच सांगितलं होतं की."

"तोंडातून गेलं हो."

"विटा थापायच्या सोडून भलतंच थापलंस. आता म्हाताऱ्या आईला सांगू का, जरा उशीर झाला पण एक मुलगी काढ?"

तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. बाईंनी बोलावल्यानं तिचा दिवस बालवाडीत गेला होता, आणि इकडे त्यानं एकट्यानं चिखलही तुडवला होता आणि विटाही थापल्या होत्या. त्याचा हात साच्यावर बसलेला नव्हता; कोपरे मोडके, कडा वाकड्या. दुपारी मुकादमानं बुटाच्या टोकानं त्याची अख्खी रांग आडवी केली, फाटकाशी बसलेल्या नव्या जोडीच्या देखत. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. शेजारणीनं सांगितलं.

"उद्या मी येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"तुम्ही आलात तर इथं कोण?"

भिंगरी जेवून बापाच्या मांडीवर झोपली होती. झोपेत तिचा एक पाय लांब झाला होता. बापानं सवयीनं त्या पायाच्या घोट्यावरून अंगठा फिरवला. दोरीचा काच पडलाय का, ते तो रोज असं बघायचा. काच नव्हता. कधीच नसायचा. त्या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरीला सोडून परत निघाली, पण पाय निघेना. आत जाऊन आत्याबद्दल काय सांगायचं तेही ठरेना. ती बालवाडीला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेली आणि गजांतून आत पाहू लागली.

बाईंनी खोलीच्या मधोमध एक लाल चेंडू ठेवला होता. "घे, भिंगरी. तुझाच आहे." भिंगरी उठली. चेंडूकडे निघाली, हसत, हात पुढं करून. अर्ध्या वाटेवर थांबली. उजवा पाय जरासा उचलला, मागं वळून पाहिलं, आणि चेंडू हातभर लांब असताना परत फिरली. मग डाव्या बाजूनं गेली. तेवढंच अंतर. तिथंही पाय उचलला, मागं पाहिलं, परत फिरली.

खिडकीबाहेर आईनं गज घट्ट धरला. तिला मोजावं लागलं नाही. रोज तीच तर बांधायची. पोर जिथं थांबत होती, तिथंच दोरी संपायची.

पायात दोरी नव्हती, तरी पोर दोरीवरच होती. ज्या दोरीनं तिला भट्टीपासून वाचवलं, खड्ड्यापासून वाचवलं, परवा चाकापासूनही कदाचित दोरीच्या लांबीनंच वाचवलं, तीच दोरी इथं, या चांगल्या फरशीच्या खोलीत, तिला चेंडूपर्यंत जाऊ देत नव्हती. आणि लोक विचारत होते, पायाला काय झालंय, डोळ्याला काय झालंय. भिंगरीच्या आईनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. तिला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं, आणि पोरीची इतकी दया आली की पळता येईना.

ती पुढच्या दारानं आत गेली. दुकानदारीण होतीच, ढोल्याचं नाक पुसत. असू दे.

"बाई, हिला आत्या नाही."

"म्हणजे?"

"मी खोटं बोलले. हिला मी बांधून ठेवायचे. दोरीनं. रांगायची तेव्हापासून. ती दोरी संपते तिथं थांबते. तिच्या पायाला काही झालेलं नाही, डोळ्याला काही नाही. काय व्हायचं ते माझ्यामुळं झालंय."

एका दमात बोलून ती थांबली. आता बाई काढून टाकतील, निदान चार शब्द सुनावतील, म्हणून तिनं मान खाली घातली. दुकानदारीण नाक पुसायचं विसरून बघत राहिली.

बाई लहान मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला.

"अहो, मग हे पहिल्याच दिवशी नाही का सांगायचं!" त्या म्हणाल्या. "चार दिवस मी या पोरीचे डोळे तपासत बसले. दोरी आहे का अजून?"

"आहे."

"उद्या घेऊन या."

"कशाला?"

"मलाही अजून सुचलेलं नाही. पण आणा."

दोरी कशाला हवी असेल? दाखवायला? कुणाला? संध्याकाळी ती दोरी चुलीत घालायला निघाली होती. नवऱ्यानं हात धरला. "मागितलीय ना त्यांनी? मग द्यायची. मी घातलेली वेणी आहे. चोरी नाही केली." त्यानं दोरी धुतली, पिळली आणि झोपडीवर वाळत टाकली. सकाळी ती थंडीनं काठीसारखी ताठ झाली होती.

सकाळी बाईंनी दोरी हातात घेतली. भिंगरीनं ती पाहिली आणि लगेच खांबाशी जाऊन बसली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं उजवा पाय पुढं केला.

टाळ्या पिटणाऱ्या मुलांचे हात तसेच राहिले. पोर पाय पुढं करून बाईंकडे पाहत होती, शहाण्यासारखी, आता बांधा म्हणून. बाईंच्या हातून दोरी खाली पडली. दारात उभ्या आईनं तोंडावर हात धरला.

"नको गं," बाई म्हणाल्या, "इथं नाही बांधायचं."

पण भिंगरीला ते पटलं नाही. बांधत का नाहीत? रोज तर बांधतात. तिनं ओठ काढला आणि बालवाडीत आल्यापासून पहिल्यांदा ती रडली, अशी की बाकीची दोन-तीन मुलंही तिच्या साथीला लागली. बाईंची तारांबळ उडाली. शेवटी त्यांनी हात टेकले, खाली बसल्या आणि मऊ कापडाचं टोक तिच्या घोट्याला सैल गुंडाळलं. भिंगरी गप्प झाली. बाईंनी दुसरं टोक हातात धरलं आणि त्या खांबाकडे बघत राहिल्या. बांधायचं तर नव्हतं. पण मग काय करायचं?

"मी धरू?" ढोल्यानं विचारलं.

बाईंनी काही ठरवायच्या आतच त्यानं टोक घेतलं. दुकानदारीण दारातून ओरडली, "अरे, सोड ती! कुठली कसली दोरी..." पण तिच्या आवाजात रोजचा जोर नव्हता, आणि वाक्य तिनं अर्ध्यातच सोडलं.

भिंगरी उठली. निघाली. रोजच्या जागी आली आणि थांबली. पाय उचलला, मागं पाहिलं. मागं खांब नव्हता, ढोल्या होता. तिनं पाय ओढला. दोरी ताणली. ढोल्या एक पाऊल पुढं आला.

भिंगरीनं त्याच्याकडे बघितलं. मग दोरीकडे. आजवर खुंटा कधी तिच्यामागं आला नव्हता. तिनं पुन्हा ओढलं. ढोल्या पुन्हा आला, खिदळत. तिनं जोरात ओढलं आणि तो एवढा भरलेला पोरगा धपाधप तिच्यामागं निघाला. लाल चेंडूशी ती पोचली. चेंडू तिनं घेतलाच नाही. ती पुढं गेली, खेळण्यांच्या भिंतीपर्यंत, तिथून दारापर्यंत, खाऊच्या ताटल्यांच्या मधून. एक ताटली लाथेनं उडाली. "मला पण! मला पण!" करत बाकीची मुलं दोरीला लटकली, आणि भिंगरी पुढं, तिच्यामागं दुकानदाराची, कंपाउंडरची, सरपंचाची, सगळ्यांची पोरं, अशी ती रांग आरडत-ओरडत अंगणात गेली.

"पडतील हो सगळी!" दुकानदारीण म्हणाली.

"पडू देत," बाई बसक्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तुम्ही जा कामावर. उभ्या काय राहिलात?"

भिंगरीची आई भट्टीवर गेली ती जवळजवळ धावतच. नवऱ्यानं चिखल तुडवून ठेवला होता. तिनं काही सांगितलं नाही, साचा धुतला आणि बसली. त्या दिवशी तिच्या हातून वीट अशी सुटत होती की मुकादम दोनदा येऊन बघून गेला. कोपरे धारदार, रांग सरळ.

"लागली का सोय?" त्यानं ओरडून विचारलं.

"लागली."

"मग तसं सांगायचं ना! मी तिकडे त्या जोडीला आज-उद्या म्हणून ताटकळत ठेवलंय." थोडं पुढं जाऊन तो वळला. "त्यांना पलीकडच्या भट्टीवर पाठवतो. तिथं लागतात माणसं." मग उगाच एका विटेला बुटाचं टोक लावून पाहिलं. वीट हलली नाही.

दुपारी काम आटोपलं तशी ती पोरीला आणायला गेली. फाटकातून पाहिलं, तर भिंगरी खांबाशी नाही, खोलीत नाही. अंगणाच्या पार टोकाला, भिंतीपाशी, मुलांच्या घोळक्यात होती. दोरी तिच्या पायात नव्हती. दोन पोरं ती दोन्ही टोकांनी धरून हलवत होती आणि बाकीची तिच्यावरून उड्या मारत होती. भिंगरीला उडी जमत नव्हती. ती दोरीवर पाय देऊन नुसतीच ओरडत होती.

"दोरी नेताय का?" बाईंनी विचारलं.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "भिंगरे! चल."

भिंगरीनं आईला पाहिलं. हसली. आणि उलट्या दिशेनं पळाली.

आई क्षणभर बघतच राहिली. मग तिच्यामागं धावली. सकाळपासून वाकून अवघडलेली पाठ, चिखलानं जड झालेले पाय. पोर अंगणातल्या बाकाखालून निघाली, फाटकातून बाहेर, टाकीमागून रस्त्यावर. आई हाका मारत, धापा टाकत, हसत, मागं. आपल्या पोरीमागं धावायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिला पकडायचं कसं तेही तिला नीट माहीत नव्हतं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहत होती, आणि तिला कुणाचीच लाज वाटत नव्हती. तिचा जीव असा भांड्यात पडला होता की धापसुद्धा गोड लागत होती.

झोपडीच्या दारात नवरा वाट बघत उभा होता, काळजीत. त्याचे हात अजून चिखलानं ओले होते.

"एवढा उशीर? काही झालं का? काय म्हणाल्या बाई?"

तिला बोलता येईना. कडेवरची भिंगरी खाली उतरायला पाय झाडत होती. तिनं कशीबशी तिला घट्ट धरली आणि दम घेत म्हणाली,

"अहो, पळते ही! पळते! मला सापडतच नव्हती."